नरड्याची शिकवणी

सन दोन हजार अठरा. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि हिंगणघाटच्या भाजीबाजारात माझ्याएवढा मोठा आवाज दुसऱ्या कोणाचा नव्हता. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. खरं आहे ते मी लिहिणारच.

आमची भाजीची आडत. शेतकरी पहाटे माल आणून टाकतो, आडत्या ढिगाजवळ उभा राहून हर्रास बोलतो, किरकोळ विकणारे भोवती गर्दी करून भाव चढवत नेतात, आणि आडत्यानं तोच भाव तिसऱ्यांदा उच्चारला की सौदा पक्का. कागद नाही, सही नाही. तिसऱ्यांदा तोंडातून निघालं की मग देव आला तरी फिरत नाही. माझा बाप हर्रास बोलायचा. त्याचा आवाज बसला तेव्हा मी चौथीत होतो. मास्तर घरी आले, म्हणाले, पोराला शाळेतून काढू नका. बाप म्हणाला, "मास्तर, त्याचा गळा मले कामाचा हाय. डोकं तुमच्यापाशी ठेवा." झालं. माझी शाळा तिथं संपली.

आमच्या आडतीचा एक नियम मात्र सगळ्या बाजाराला माहीत होता. पोतं पालथं केल्याशिवाय बोली नाही. वर टवटवीत वांगी आणि खाली सडकी, हा प्रकार भाजीत नेहमीचा. बाकीचे आडते घाईत असले की बंद पोत्यावरच भाव बोलून मोकळे व्हायचे. आमच्याकडे पोतं उलटं, ढीग समोर, घेणाऱ्यानं हात घालून पाहायचं, मग बोली. शेतकरी रागावला तरी तसंच आणि गिऱ्हाईक कंटाळलं तरी तसंच.

दुसरा नियम गळ्याचा. हर्राशीला उभं राहण्याआधी चमचाभर कोमट तूप, त्यात कुटलेले मिरे. गळ्याला वंगण. नवीन पोरगा बोलायला उभा राहिला की मी आधी त्याला तूप पाजायचो, भाव नंतर शिकवायचो.

त्या वर्षी आवाज फाटायला लागला. आधी वाटलं मिरचीच्या ढिगाजवळ उभं राहून झालं असेल. सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकणारी एक बाई रोज पहिल्या बोलीला हजर असायची, तोंडाची फटकळ. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "काय आडते, घशात बेंडूक पाळला का?" बाजार हसला. मी तुपाचे दोन चमचे केले. पुढच्या महिन्यात तीन. बिडी तेवढी कमी केली नाही, आणि तिच्याबद्दल आता कोणाची माफी मागत बसणार नाही. शेवटी एका सकाळी वांग्याचा भाव बोलता बोलता आवाज मधेच तुटला, ओठ हलत राहिले आणि गर्दी गप्प झाली. पोरानं त्याच दिवशी मला गाडीत घातलं.

पोरगा माझा बी. कॉम. झालेला, आडतीचा हिशेब तोच पाहतो. त्यानं मला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, जिथं डॉक्टरकीची पोरं शिकतात. तिथल्या गळ्याच्या मोठ्या डॉक्टर म्हणजे एक मॅडम. त्यांनी गळ्यात दुर्बीण घातली, नंतर भूल देऊन आतला तुकडा काढला, तपासायला पाठवला. त्याचा निकाल आला त्या दिवशी पोराला आत बोलावलं आणि मला बाहेर बाकावर बसवलं. गळा माझा, आणि आत पोरगा.

दार नीट लागलेलं नव्हतं. आयुष्यभर मी ओरडलो, पण कान माझे चांगले आहेत.

"स्वरयंत्रात कॅन्सर आहे," मॅडम म्हणाल्या. "किरणांचा शेक देऊन बघता येईल, पण त्याला सहा-सात आठवडे रोज यावं लागतं. त्यानंतर दर महिन्याला तपासणी. बाहेरगावची, फारसं न शिकलेली माणसं बरं वाटलं की यायची बंद होतात. मग तो परत उठतो आणि आमच्या हातात काही राहत नाही. त्यापेक्षा पूर्ण स्वरयंत्र काढून टाकणं सुरक्षित. आवाज जाईल, श्वासासाठी गळ्याला भोक राहील, पण माणूस राहील."

"काढा मॅडम," पोरगा म्हणाला. "बाबाले मी समजावतो."

कॅन्सर हा शब्द ऐकून भ्यालो, ते लपवत नाही. पण त्याच्यामागून जे आलं, की हा माणूस येणार नाही, त्यानं असा संताप चढला की भीतीला बसायला जागाच उरली नाही. मी ढकलून दार उघडलं. टेबलावर कागद होता. पोरानं पेन पुढं केला.

"बाबा, इथं सही करा."

"कायची?"

"तुमचा गळा बरा करायचा हाय."

"गळा माझा हाय. त्यात काय काय हाय, कोणतं काढता, कोणतं ठेवता, ते दाखवा. बंद पोत्यावर मी बोली करत नाई."

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा, हे समजून घ्यायला आमच्या पोरांना वर्ष लागतं."

"मले घाई नाई."

"तुम्हाला आहे. तो आजार तुमच्यासाठी थांबणार नाही." हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला बाई आवडली. पण कागदाला मी हात लावला नाही. शेवटी त्यांनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली आणि जाता जाता म्हणाल्या, "आज माझ्या विद्यार्थ्यांना एकदा तुमचा गळा बघू द्या."

दहा-बारा पोरंपोरी पांढऱ्या कोटात मला घेरून उभी राहिली. अगदी हर्राशीसारखी. फरक एवढाच की ढीग मी होतो. मॅडमनी दुर्बिणीची कांडी हातात घेतली. "आ करा."

मी तोंड मिटलं.

"बाबा, आ करा ना."

मी तोंड न उघडता मान हलवली. मग त्यांनी कांडी खाली ठेवली तेव्हा बोललो, जेवढा आवाज होता तेवढ्यात. "हे माझ्या गळ्यावर शिकणार, शहाणे होणार. अन् ज्याचा गळा तो अडाणीच राहणार? हे नाई जमत. मले बी शिकवा. मराठीत. मग पाहिजे तेवढा आ करतो."

पोरं हसली. एक पोरगी तर इतकी हसली की तिला तोंडावर वही धरावी लागली. मॅडम तिच्याकडे वळल्या. "फार हसू येतंय ना? मग तूच शिकव त्यांना. सोमवारी मी बाबांना विचारणार आणि त्यांना येत नसेल तर तुला."

पोरीचं हसू बंद झालं. माझं सुरू झालं.

दुर्बिणीचं चित्र दिसतं तो पडदा माझ्याकडे फिरवायला लावला, मगच मी आ केलं. जीभ फडक्यानं धरून बाहेर ओढली, कांडी आत गेली आणि मी अडुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा माझा आवाज डोळ्यांनी पाहिला. मुळ्याच्या साली सोलून ठेवाव्या तशा दोन पांढऱ्या पट्ट्या. पुढं एकमेकींना जुळलेल्या, मागं फाकलेल्या, मधे काळोख. उजवी साफ. डावीवर फुलकोबीचा बारका तुरा बसलेला, लालसर, खडबडीत. जन्मभर फुलकोबी विकली मी. खराब तुरा मला दाखवून द्यावा लागला नाही.

"ई म्हणा."

मी ई केलं. उजवी पट्टी झटकन मधे आली. डावी आली, पण सरपटत, पाय ओढत चालणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज हिंगणघाटहून एस.टी.नं जायला लागलो. पोरगी पुलगावची, बाप डेपोत कामाला. दुपारी तिला तासभर मोकळीक असायची. कँटीनच्या मागं लिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथं आमची शिकवणी भरायची. तिनं गळ्याचा प्लास्टिकचा साचा आणला होता, डब्यासारखा उघडणारा. पहिल्या दिवशी ती घडाघडा इंग्रजी नावं बोलायला लागली. मी साचा तिच्या हातातून काढून घेतला.

"पोरी, नाव राहू दे. हे काय करते ते सांग."

"आबाजी, मले बी मराठीत नाई येत न. आमाले इंग्रजीतच शिकवलं."

"मंग दोघंबी शिकू."

आणि शिकलो. गळ्यात दोन नळ्या, एक हवेची, एक जेवणाची. हवेची समोर, जेवणाची तिच्या मागं. हवेच्या नळीच्या डोक्यावर आवाजाचा डबा. समोरून हाताला लागते ती घाटी, ती त्या डब्याची भिंत, पुस्तकाची दोन पानं अर्धवट उघडावी तशी. तिच्या खाली अंगठीसारखी गोल कूर्चा, अंगठीचा खडा मागच्या बाजूला. त्या खड्यावर दोन बारीक बिजागऱ्या आणि त्या बिजागऱ्यांना माझ्या दोन पट्ट्या बांधलेल्या. बिजागरी फिरली की पट्टी मिटते. मिटलेल्या पट्ट्यांमधून छातीतली हवा ढुसण्या देत निघते, तो आवाज. जीभ, दात, ओठ नंतर त्याचे शब्द करतात.

"अन् हे पानासारखं काय हाय वर?"

"झाकण. आपुन गिळलं की डबा वर सरकते अन् हे त्याच्यावर आडवं होते. घास मागच्या नळीत जाते. चुकून एक थेंब जरी डब्यात गेला ना आबाजी, तर ठसका लागते. पाणी बी पट्टीपर्यंत पोचू देत नाई."

मी साच्यातल्या पट्टीवर बोट ठेवलं. "काहीच पोचत नाई?"

"काहीच नाई."

"तूप?"

मी तिला सगळं सांगितलं, तूप, मिरे, बाप, बाजार. त्या दिवशी पोरगी परत तोंडावर वही धरून हसली, आणि यावेळी मी तिला अडवलं नाही. पन्नासवर वर्षं मी दुकानाच्या कुलपाला तेल घालायला निघायचो आणि दर वेळी शेजारच्या गल्लीत ओतून यायचो. माझा बापही तेच करत मेला. हिंगणघाटचे सगळे हर्रास बोलणारे तेच करतात.

"मंग गळ्याले बरं काऊन वाटे?"

"वरचा भाग शेकला जाते, ओला होते. बरं वाटते. पण पट्टीले नाई भेटत काही."

तूप मी सोडलं नाही. आजही घेतो. आता फक्त मला माहीत असतं की ते कुठं जातं. नवीन पोरगा आडतीवर उभा राहिला की त्यालाही सांगतो, घे, पण आवाजासाठी घेऊ नको, पोटासाठी घे.

दुसऱ्या दिवशी तिनं नस शिकवली. बिजागरी हलवणारी नस मेंदूकडून येते. पण डावीकडची सरळ गळ्यात थांबत नाही. ती खाली छातीत जाते, हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीला वळसा घालते आणि परत वर गळ्यात येते.

"अशी काऊन जाते?"

"पोटात बाळ घडते तवापासून तशीच."

"म्हणजे वर्ध्याहून बाजूच्याच नालवाडीले जाणारा माणूस आधी पुलगावले जाऊन येते."

"बस. परीक्षेत मी हेच लिहीन," ती म्हणाली.

पण साचा प्लास्टिकचा होता आणि ते मला खुपत होतं. प्लास्टिकच्या वांग्यावर कोणी बोली करतं का? मी म्हटलं, खरा माल दाखव. ती म्हणाली, माणसाचा तर नाही दाखवता येत, पण बकऱ्याचं नरडं बरंचसं तसंच असतं.

आमच्या घरात कधी अंडं आलं नाही. खाटकाच्या गल्लीत माझा पाय पडला नव्हता. त्या सकाळी मी कापडी थैली घेऊन तिथं उभा राहिलो. ओळखीचा निघाला तो, त्याच्या घरची भाजी आमच्या बाजारातूनच जायची.

"क्या शेठ, बुढापे में चालू कर दिया?"

"खायाले नाई. नरडं पाह्यजे. डबा साबूत, खाली वीतभर नळी."

"किसके लिए?"

"शाळेसाठी," मी म्हटलं. त्यानं पैसे घेतले नाहीत. मला वाटतं त्याला माझी कीव आली असावी.

लिंबाखाली पेपर अंथरून पोरीनं ते कापलं. हातमोजे घालून एकेक जागा दाखवली आणि मी ओळखत गेलो. झाकण. घाटी. अंगठी. बिजागऱ्या. पट्ट्या, ओल्या, चकचकीत. मग तिच्या मनात काय आलं, ती धावत सायकल स्टँडवरून हवा भरायचा पंप घेऊन आली. पंपाची नळी खालून हवेच्या नळीत खुपसली, भोवती रुमाल आवळला, बोटांच्या चिमटीत दोन्ही बिजागऱ्या जवळ दाबल्या.

"आबाजी, मारा पंप."

मी मारला. नुसती हवा फुसकली. तिनं चिमूट आणखी दाबली. मी परत मारला, जोरात, आणि ते नरडं बोललं. फर्रर्र करत सुरू झालं आणि मग चक्क बकऱ्याचा सूर लागला. जीभ नाही, डोकं नाही, जीव नाही, आणि आवाज. कँटीनच्या खिडकीतून चार डोकी बाहेर आली.

आम्ही दोघं हसत होतो. हसता हसता मी थांबलो. तिनं एका बाजूची चिमूट सैल सोडली होती आणि सूर फाटला होता. अगदी माझ्यासारखा. तिनं परत थोडं दाबलं, सूर परत जुळला. पूर्ण नाही. पण ओळखू येईल एवढा.

"म्हणजे अर्धी हलली तरी बोलते," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली. मास्तर घरातून निराश होऊन गेले होते त्याला अठ्ठावन्न वर्षं झाली होती. त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं.

घरी मात्र रामायण झालं. ही बातमी माझ्याआधी पोचली होती. बायको अंगणातच उभी.

"संसारात अंडं नाई येऊ देलं मी, अन् तुमी बकऱ्याचं नरडं थैलीत घालून हिंडून राह्यले? तिथंच नळावर आंघोळ करा. अन् थैली जाळा."

आंघोळ केली. थैली जाळली नाही, चांगली होती, धुतली. मग पोरगा आला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो पायरीवर बसला.

"बाबा, तुमाले हे शिकायचं काय पडलं? मले बाप पाह्यजे. आवाज नसला तरी चालते. हर्रास मी बोलीन."

"तुले चालते. मले चालते का, हे कोणी इचारलं?"

"अन् तुमी गेले तर?"

ओल्या अंगावर टॉवेल घेऊन मी उभा राहिलो. त्याच्या बाजूला बसावंसं वाटलं, पण बसलो असतो तर सही करून टाकली असती. म्हणून आत गेलो.

सोमवारी मॅडमनी खरंच विचारलं. मी सांगितलं, झाकणापासून नसेपर्यंत. दोन ठिकाणी चुकलो, पोरीनं दुरुस्त केलं. मग मी माझा प्रश्न टाकला.

"डावी पट्टी हलते का मेली?"

"हलते. कमी हलते."

"पुरी थांबली असती तर तुमी काढाच म्हणाल्या असत्या?"

"बहुतेक, हो."

"थांबली नाई न. मंग शेकाचं सांगा. वरचं बी, खालचं बी."

आणि बाईनं पोतं पालथं केलं. शेकानं गाठ जाऊ शकते, आवाज राहू शकतो, पण पहिल्यासारखा नाही, घोगरा. गिळताना आग होईल, चव जाईल. गाठ परत येऊ शकते. आली तर डबा काढावाच लागेल, आणि शेकलेल्या गळ्याची जखम लवकर भरत नाही, म्हणजे आज काढण्यापेक्षा ते कठीण जाईल. जीवही जाऊ शकतो. चांगलं वर, सडकं खाली, असं त्यांनी काहीच ठेवलं नाही. पोरगा शेजारी खुर्चीत अंग आवळून बसला होता.

"शेक द्या," मी म्हणालो. "कमी पडला तर काढजा. त्या कागदावर बी सही माझीच राहीन."

"आणि यायचं, बाबा. रोज. नंतर दर महिन्याला. बरं वाटलं तरी. तुमची बोलायची तयारी खूप आहे, मला यायची तयारी हवी."

मी खुर्चीतून उठलो. हर्राशीला बसून बोलत नाहीत.

"येतो," मी म्हणालो. आवाज फाटला. "येतो." परत फाटला. मी घाटीवर बोट ठेवलं, हवा भरून घेतली, आणि तिसरा बाहेर व्हरांड्यात ऐकू जाईल असा काढला. "येतो!"

मॅडम दचकल्या. पोरानं मात्र हात डोळ्यांवरून फिरवला, पेन उचलला आणि माझ्या हातात दिला.

"मॅडम, लिहून घ्या," तो म्हणाला. "तिसऱ्यांदा बोलल्यावर हा माणूस फिरत नाई. आमचा पुरा बाजार जाणते."

मी सही केली. मॅडमनी सांगितलं, शेकताना तोंडावर घालायच्या मुखवट्याचं माप, मशीनची आखणी, यात आठवडा जाईल, पुढच्या बुधवारी या, तोवर घरी आराम करा. पण त्या सांगत असताना त्यांच्या डोळ्यांत मला ते अजून दिसत होतं. हा येईल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडतीच्या वेळेला उठलो, तुपाचा चमचा घेतला, पहिली एस.टी. पकडली आणि मॅडमच्या दारासमोरच्या पहिल्या बाकावर जाऊन बसलो. झाडूवाली यायची होती. मॅडम आल्या, मला पाहून थबकल्या.

"बाबा, आज काय? तुमचं पुढच्या बुधवारी आहे."

"मले माहीत हाय," मी म्हणालो. "मी येतो का नाई, तेवढं पाहून घ्या."

त्यांनी पाहून घेतलं. मग मी उठलो आणि परतीच्या एस.टी.नं हिंगणघाटला आलो.